ग्लँडमधला थेंब

शिडाच्या नौकेच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, एक भोक मुद्दाम पाडलेलं असतं. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात, आणि त्या दोघांना जोडणारा शाफ्ट कुठून तरी बाहेर न्यावाच लागतो. ३०-३२ फुटांच्या यॉटवर हा शाफ्ट साधारण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीचा असतो. समजा तो निखळून बाहेर गेला आणि अर्धा मीटर खोलीवरचं ते भोक उघडं पडलं, तर आत किती पाणी येईल? त्या खोलीवर पाणी सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने आत घुसतं. भोकाच्या कडेशी धार आक्रसते, त्याची वजावट करूनही मिनिटाला ५५ लिटर, तासाला ३,३०० लिटर होतात. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या लहान यॉटवरच्या विजेच्या पंपाची क्षमता कागदावर तासाला १,९०० लिटरच्या आसपास असते आणि पाणी वर चढवून बाहेर फेकायचं म्हटलं की ती बरीच घटते. पंप चालू ठेवून स्वस्थ बसावं, अशी सोय या हिशेबात नाही.

सुदैवाने शाफ्ट असा क्वचितच जातो. नेहमी भेटते ती ठिबकणारी गळती, आणि ती फसवी असते. सेकंदाला एक थेंब म्हणजे काहीच नाही असं वाटतं. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून थोडं जास्त पाणी आत येतं. रोज बोटीवर जाणाऱ्याला ते जाणवतही नाही. पण नौका मूरिंगला, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला, बांधून मालक महिनाभर फिरकला नाही, तर तेच १३० लिटर होतात. पंप ते बाहेर टाकत राहतो, बॅटरी उतरत राहते, आणि एक दिवस बॅटरी संपते. मग पाणी चढतं, इंजिनाच्या स्टार्टरपर्यंत पोचतं, आणि गळतीपेक्षा कितीतरी मोठा खर्च समोर उभा राहतो. म्हणून या थेंबाकडे लक्ष देणं शिकायला हवं.

आधी रचना पाहू. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे एक नळी पक्की बसवलेली असते, ती स्टर्न ट्यूब. तिच्या बाहेरच्या टोकाला, पंख्याजवळ, पितळी कवचातलं रबरी बेअरिंग असतं. त्याच्या आतून लांबीभर खाचा असतात, त्यांतून समुद्राचं पाणी वाहतं आणि तेच वंगणाचं काम करतं. म्हणजे स्टर्न ट्यूबमध्ये पाणी भरलेलंच असतं, आणि ते तिथे हवंच असतं. ते बोटीत येऊ नये याची जबाबदारी आतल्या टोकावर. तिथे जाड, अनेक थरांची रबरी नळी क्लिपांनी आवळलेली असते आणि नळीच्या पुढच्या टोकाला ब्राँझचा ग्लँड. ग्लँडच्या पोटात शाफ्टभोवती चौकोनी दोरीचे तीन-चार वेढे, त्यांना दाबणारा मोठा नट, आणि तो हलू नये म्हणून त्याला भिडवलेला लॉकनट. बस्स, एवढंच.

विहिरीवर किंवा नदीकाठी सेंट्रिफ्युगल पंप चालवलेल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पंपाच्या शाफ्टभोवती भरतात ती ग्लँड दोरी आणि यॉटच्या ग्लँडमधली दोरी एकाच घराण्यातली. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मासेमारी ट्रॉलरनाही हाच ग्लँड असतो. पावसाळ्याच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा जाळी, रंग, इंजिन यांच्याबरोबर ग्लँडची दोरीही पाहून घेतली जाते.

ही युक्ती पंख्याच्या जहाजांहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल मोरलंडने १६७५च्या सुमारास पाण्याचा दट्ट्याचा पंप केला, त्यात सरकत्या दांड्याभोवती असं दोरीचं दाटण वापरलं होतं. पुढे वाफेच्या इंजिनांनी ते उचललं. जहाजांना पंखा लागला तो एकोणिसाव्या शतकात. १८३८मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथच्या कल्पनेवर बांधलेलं ‘आर्किमिडीज’ पाण्यात उतरलं, १८४३मध्ये ब्रुनेलचं ‘ग्रेट ब्रिटन’. त्यापूर्वीच्या आगबोटींची चाकं बाजूला असत आणि त्यांचा शाफ्ट पाण्याच्या वरून जाई. आता तो पाण्याखालून जाऊ लागला आणि नवंच दुखणं सुरू झालं: धातूवर धातू घासून मागचं बेअरिंग भराभर झिजायचं, शाफ्ट डळमळायचा, पाणी आत यायचं. जॉन पेन या अभियंत्याने १८५४मध्ये त्यावर लाकडाचा उपाय काढला. कॅरिबियन प्रदेशातलं लिग्नम व्हायटी हे लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड आणि मुळातच तेलकट. त्याच्या पट्ट्या बेअरिंगमध्ये बसवून मधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळवलं की झीज एकदम कमी झाली. लांब पल्ल्याच्या जहाजांवर पंखा रुजला, त्यात या लाकडाचा वाटा फार मोठा आहे. आजचं खाचांचं रबरी बेअरिंग हा त्याच कल्पनेचा वारसदार.

आता मुख्य मुद्दा. अर्धा मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम विसावा भाग असतो. एवढासा दाब अडवणं अजिबात अवघड नाही. शाफ्ट स्थिर असता तर चिकटपट्टीनेही काम भागलं असतं. अवघड आहे ते त्याचं फिरणं. मिनिटाला हजार फेऱ्यांवर २५ मिलिमीटरच्या शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला १.३ मीटर वेगाने दोरीला घासत असतो, तासन् तास. घर्षणातून उष्णता होते. ती वाहून न्यायला आणि दोरी ओली ठेवायला पाण्याचा अगदी बारीक पदर शाफ्ट आणि दोरी यांच्यामध्ये हवा. त्या पदराचं पाणी पुढे सरकत सरकत ग्लँडच्या तोंडाशी थेंब होऊन पडतं. पारंपरिक ग्लँडमधून इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे. शाफ्ट थांबल्यावर मात्र थेंब थांबायला हवा, निदान जवळजवळ थांबायला हवा.

नवा मालक इथेच घाई करतो. थेंब दिसला की पाना घेऊन नट आवळतो. थेंब थांबतो, मन शांत होतं. पुढच्या फेरीत अर्ध्या तासाने ग्लँडला हात लावावा तर चटका बसतो. आतल्या दोरीतली चरबी किंवा मेण वितळून गेलेलं असतं, दोरीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि कडक होतो, आणि अशी दोरी पुन्हा कधीच धड बसत नाही. ती शाफ्टला कानशीसारखी खाते. मग गळती आणखी वाढते आणि नट आणखी आवळला जातो. नट आवळणं हा उपाय आहेच, पण एका वेळी पाव फेरी, तीही थांबून, पाहून. नट आट्यांच्या शेवटाला येऊन पोचला असेल तर दोरीत दाबण्यासारखं काही उरलेलं नाही, ती बदला.

पण बदलण्यापूर्वी पाणी नक्की तिथूनच येतंय का, याची खात्री करा. माझ्या मते या कामातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. ग्लँड बोटीच्या सखल भागात असतो, त्यामुळे दुसरीकडचं पाणी वाहत वाहत तिथेच येतं आणि दोष त्याच्यावर जातो. डेकच्या फटीतून आलेलं पावसाचं पाणी, टाकीचं गोडं पाणी, इंजिनाच्या समुद्रजल पंपाची गळती, सुकाणूच्या दांड्याचा स्वतःचा ग्लँड, सगळ्यांचा शेवट त्याच खड्ड्यात. त्या पाण्यात बोटाचं टोक बुडवून एक थेंब जिभेला लावा, गोडं की खारं ते लगेच कळतं. मात्र बिल्जमध्ये डिझेल किंवा तेल दिसत असेल तर हा प्रयोग नको. मग सगळा भाग फडक्याने कोरडा करा, ग्लँडखाली आणि नळीखाली कोरडे टिश्यू कागद पसरा, आणि आधी इंजिन बंद ठेवून तासभर पाहा. नंतर इंजिन चालू, पण गिअर नाही. नंतर बोट धक्क्याला पक्की बांधून गिअरमध्ये.

या तीन पायऱ्यांत बरंच कळतं. इंजिन चालू होताच, गिअर टाकण्यापूर्वीच कागद भिजला, तर दोष बहुधा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत आहे. शाफ्ट तर फिरलेलाच नाही. सगळं थांबलेलं असतानाही नटाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर दोरी झिजली आहे किंवा शाफ्टला खाच पडली आहे. आणि आजूबाजूच्या लाकडावर, शाफ्टच्या दोन्ही बाजूंना उभा मिठाचा पट्टा दिसला, तर फिरता शाफ्ट पाणी भिरकावतोय. त्यात शाफ्टची थरथर आहे का, तेही पाहायला हवं.

रबरी नळीकडे फार कमी लोक पाहतात. ती नेहमी ओलसर, तेलकट अंधारात असते, आणि दोरीच्या थेंबांपेक्षा तिचं फाटणं शंभरपट धोक्याचं. बोटांनी दाबून पाहा: बारीक भेगा उघडतात का, रबर मऊ, फुगीर झालंय का. क्लिपा प्रत्येक टोकाला दोन हव्यात. वरून चकचकीत दिसणारी क्लिप खालच्या बाजूला गंजून अर्धी झालेली असू शकते, कारण पाणी खालीच साठतं. तिथे आरसा घालून बघा. बाजारात पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या पोलादाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात. दुकानात छोटं लोहचुंबक घेऊन जा. स्क्रूला ते जोरात चिकटलं तर ती क्लिप समुद्रासाठी नाही. नळीही इथे साधी पाण्याची चालत नाही. लॉकनट सोडवताना तिला पीळ बसतो, पातळ नळी तिथेच फाटते.

दोरी बदलण्याचं काम बोट पाण्याबाहेर असताना केलेलं उत्तम. पाण्यात असतानाही करता येतं, कारण मागच्या बेअरिंगमधली फट लहान असते आणि पाणी धारेने येतं, लोंढ्याने नाही. पण मग सगळं सामान हाताशी हवं, पंप तपासलेला हवा आणि नट सरकवल्यावर तोंडाशी गुंडाळायला फडकं हवं.

दोन मोठे पाने लागतात, एक नटाला धरायला, एक लॉकनट सोडवायला. दोन्हींचा जोर एकमेकांविरुद्ध द्यायचा, म्हणजे नळीवर पीळ जात नाही. वर्षानुवर्षं न हललेला ब्राँझचा लॉकनट हिरवट क्षाराने चिकटलेला असतो. त्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं तर सकाळी तो ऐकतो. नट शाफ्टवरून पुढे सरकवला की आत काळपट, दबलेली दोरी दिसते. ती काढण्याचं एक खास हत्यार मिळतं: लवचीक दांडा आणि टोकाला स्क्रूसारखा पीळ. तो दोरीत रुतवून ओढायचा. इथे टोकदार स्क्रूड्रायव्हर खुपसण्याचा मोह होतो, पण त्याने शाफ्टवर ओरखडा उठतो, आणि त्याच ओरखड्यातून उद्या पाणी येणार. किती वेढे निघाले ते मोजा. तीन निघाले आणि तळाशी चौथा चिकटून राहिला, असं फार वेळा होतं. त्या चौथ्यावर नवी दोरी बसवली तर ती सरळ बसतच नाही. टॉर्चचा उजेड पाडून, खालचा धातू दिसेपर्यंत काढत राहा.

दोरीचं माप अंदाजाने घेऊ नये. नटाच्या पोटाचा व्यास मोजा, त्यातून शाफ्टचा वजा करा आणि अर्धा करा. पोट दीड इंच, शाफ्ट एक इंच, तर दोरी पाव इंच. जाड दोरी हातोडीने ठोकून बसवली तर ती पहिल्या दिवसापासून तापते. बारीक दोरी कितीही आवळली तरी गळते. पूर्वी चरबी लावलेला ताग किंवा जवसाचा धागा वापरत. आज जवसाच्या धाग्याला मेण किंवा टेफ्लॉन दिलेला असतो, किंवा सगळा धागाच कृत्रिम असतो. कारखान्यातल्या पंपांची साधी ग्राफाइटची दोरी मात्र खाऱ्या पाण्यात वापरू नये. ग्राफाइट आणि धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लहानशी विजेची घटमालाच तयार होते, आणि त्यात झिजतो तो धातू.

नवी दोरी शाफ्टच्याच मोकळ्या भागाभोवती घट्ट गुंडाळा आणि धारदार पात्याने वेढ्यांवरून तिरका काप घ्या. एका कापात सारख्या मापाची कडी सुटी होतात. तिरका काप यासाठी की टोकं एकमेकांवर सरकून बसतात, सरळ कापासारखी फट राहत नाही. एकेक कडं ग्रीस लावून आत ढकलायचं आणि पुढच्या कड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून साधारण तृतीयांश वर्तुळ फिरवून ठेवायचा. सगळे सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ रस्ताच मिळाला. एक सलग दोरी मळसूत्रासारखी गुंडाळून भरणारेही भेटतात. घाईच्या वेळी ते चालतं, पण त्या मळसूत्राच्या वाटेनेच पाणी पुढे सरकतं, म्हणून कायमचं तसं ठेवू नका.

नट आधी फक्त हाताने. बोट पाण्यात, इंजिन गिअरमध्ये, पंधरा मिनिटं चालू द्या. सुरुवातीला भरपूर ठिबकेल. ठिबकू द्या, दोरी अजून जागा शोधतेय. मग पाव फेरी, पुन्हा पंधरा मिनिटं. ग्लँडला हात लावा: कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच सैल करा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर दोरी आणखी बसते, तेव्हा पुन्हा थोडं आवळावं लागतं. लॉकनट मात्र प्रत्येक वेळी पक्का. तो सैल राहिला तर शाफ्टच्या फिरण्याने नट उलटा सुटत जातो, आणि इंजिनाच्या आवाजात कुणाला कळतही नाही.

दोरी काढलेली असते, तेव्हाच शाफ्ट तपासून घ्यायची खरी संधी असते. नख शाफ्टच्या लांबीवर फिरवा. जिथे दोरी घासत होती तिथे नख अडकलं, तर खाच पडली आहे. उथळ असेल तर नळी थोडी लांब-आखूड करून ग्लँडची जागा शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर नेता येते, आणि चांगली वर्षं मिळतात. खोल असेल तर शाफ्ट बदलणं आलं.

खाचेपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे बारीक खड्डे, जणू धातूला कीड लागली आहे. शाफ्टचं स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. तो थर ओरखडला तर पाण्यातल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. पण ओल्या दोरीखाली, साचलेल्या पाण्यात, ऑक्सिजन संपतो. थर भरून येत नाही, क्लोराइड आत शिरतं आणि खड्डा खोल खोल जात राहतो. म्हणूनच रोज फिरणाऱ्या शाफ्टपेक्षा महिनोन् महिने उभा असलेला शाफ्ट जास्त सडतो. ट्रॉलरचं इंजिन रोज चालतं. शिडाच्या नौकेचं इंजिन वर्षाकाठी थोडेच तास चालतं आणि तिचा शाफ्ट बहुतेक काळ त्याच पाण्यात, त्याच दोरीखाली उभा असतो. मूरिंगला असलेल्या यॉटचा शाफ्ट आठवड्यातून एकदा जरी हाताने चार-सहा फेऱ्या फिरवला, तरी ताजं पाणी आत जातं. इतक्या सोप्या गोष्टीने इतका मोठा खर्च वाचत असताना ती कुणी करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवी दोरी घालूनही दोन महिन्यांत गळती परत आली, तर ग्लँडला दोष देणं थांबवा आणि इंजिनाकडे बघा. इंजिन ज्या रबरी पायांवर उभं असतं ते वर्षानुवर्षं दबतात, इंजिन दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि शाफ्टची रेषा तिरकी होते. मग प्रत्येक फेरीला शाफ्ट दोरीला एका बाजूने ढकलतो, दोरीतलं भोक लांबट होतं आणि पाण्याला वाट मिळते. तपासणी सोपी आहे. शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडा, दोन्ही तबकड्या जवळ आणा आणि फटीत चारी बाजूंनी फीलर गेज घाला. चार इंची तबकडीला वर-खाली, डावी-उजवी मिळून इंचाच्या चार हजारांशाहून जास्त फरक नसावा, असा जुना नियम आहे: तबकडीच्या दर इंचाला एक हजारांश. हे माप बोट पाण्यात असताना, डोलकाठीचे दोर ताणलेले असतानाच घ्यावं. जमिनीवर टेकू देऊन ठेवलेल्या नौकेचं अंग थोडं वाकतं. तिथे जुळवलेली रेषा पाण्यात उतरल्यावर चुकते.

वाकडा शाफ्ट ग्लँडचं काय करतो, याचं सर्वांत भयंकर उदाहरण युद्धाच्या इतिहासात आहे. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या पूर्व किनाऱ्यापाशी, क्वांतानजवळ, जपानी विमानांनी ब्रिटिश युद्धनौका ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वर हल्ला केला. एक टॉर्पेडो डाव्या बाजूच्या बाहेरच्या शाफ्टपाशी लागला. शाफ्ट वाकला आणि फिरत राहिला. फिरता फिरता त्याने जहाजाच्या आतल्या ज्या ज्या आडभिंतींमधून तो जात होता तिथले ग्लँड फाडून टाकले, आणि शाफ्टच्या लांबच लांब बोगद्यातून समुद्र थेट यंत्रघरापर्यंत आला. दोन हजार टनांहून जास्त पाणी आत आलं. बरीचशी वीज गेली, पंप बंद पडले आणि अनेक तोफा मुक्या झाल्या. पुढचे टॉर्पेडो लागण्यापूर्वीच तिचं नशीब ठरत आलं होतं. मासे पकडण्याचा दोर किंवा तुटलेलं जाळं पंख्यात अडकून इंजिन झटक्याने थांबलं असेल, तर यॉटवाल्यानेही शाफ्टची रेषा तपासल्याशिवाय पुढे निघू नये. गिअर टाकून ‘चालतंय का बघू’ हे तर मुळीच नको.

अलीकडे बऱ्याच नव्या यॉटवर दोरी नसतेच. त्यांचे सील ठिबकत नाहीत. एका प्रकारात रबरी भात्याच्या टोकाला कार्बनचं कडं असतं आणि शाफ्टवर पक्कं बसवलेलं स्टेनलेसचं कडं त्याला घासत फिरतं. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे सपाट, भाता त्यांना एकमेकांवर दाबून धरतो. हे सील शाफ्टला घासतच नाही, म्हणून शाफ्ट झिजत नाही. व्होल्वो पेंटाचा लोकप्रिय प्रकार निराळा आहे: एकसंध रबर, आत ओठांसारख्या पातळ कडा, आणि त्यांच्यामध्ये ग्रीस. दोन्ही प्रकार बोट पाण्यात उतरवताच एक गोष्ट मागतात. स्टर्न ट्यूबमध्ये अडकलेली हवा बाहेर काढायला हवी. भात्याच्या सीलमध्ये कार्बनचं कडं क्षणभर मागे ओढायचं, पाणी उसळेपर्यंत. रबरी सील दोन बोटांनी चिमटायचं, थेंब दिसेपर्यंत. हे विसरलं तर सील कोरडं चालतं आणि पहिल्याच दिवशी जळतं.

भात्याचं सील गळू लागलं तर आधी कार्बनच्या तोंडाशी तेल किंवा घाण अडकली आहे का पाहा. कडं मागे ओढून पाण्याची एक उसळी जाऊ दिली की कित्येकदा गळती थांबते. ती थांबली नाही तर भात्याचा दाब कमी झालाय का, म्हणजे स्टेनलेसचं कडं शाफ्टवरून सरकलंय का, ते बघा. ते छोट्या सेटस्क्रूंनी धरलेलं असतं, आणि प्रत्येक भोकात दोन स्क्रू लागतात, दुसरा पहिल्याला अडवायला. दुसरा घालायचा राहिला, की कडं कधीतरी सरकणारच. भाता रबराचा आहे, त्याला वय आहे. निर्माता सांगेल तितक्या वर्षांनी तो न गळताही बदलायचा. आणि इथेच या सीलांची मेख आहे: बदलण्यासाठी शाफ्ट कपलिंगमधून काढावा लागतो, म्हणजे बोट पाण्याबाहेर, आणि गंजलेलं कपलिंग हट्टाला पेटतं. ओठांचं नवं सील शाफ्टवर चढवताना शाफ्टच्या टोकाजवळच्या चावीच्या खाचेवर प्लास्टिकची पातळ नळी ठेवायला विसरू नका. त्या खाचेची धार रबर चिरते, आणि चिरलेलं सील बसवल्यावरच कळतं.

मूरिंगला उभ्या असलेल्या, महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडणाऱ्या नौकेला मी न ठिबकणारं सील सुचवेन. लांबच्या प्रवासाला निघालेल्या नौकेला दोरीच बरी. भर समुद्रात, दोन पाने आणि हातभर दोरी असली, तर माणूस ती स्वतः दुरुस्त करू शकतो.

आणि भर समुद्रातच गळती वाढली तर? पहिलं काम शाफ्ट थांबवणं. शिडावर चालतानाही पाण्याच्या धारेने पंखा आणि शाफ्ट फिरत राहतो, म्हणून गिअर घालून किंवा शाफ्ट बांधून तो थांबवा. मग नट थोडा आवळा. नळी फाटली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून, एकावर एक वेढे देत गुंडाळा. ताणलेलं रबर स्वतःवरच घट्ट बसतं आणि किनारा गाठेपर्यंत टिकतं. शाफ्ट कपलिंगमधून सुटला आणि बाहेर सरकला, तर त्या भोकासाठी लाकडी खुंटी ग्लँडजवळच दोरीने बांधून ठेवलेली असावी. कित्येक खलाशी ग्लँडच्या आतल्या बाजूला शाफ्टवर झिंकचं एक कडं आवळून ठेवतात. उलटा गिअर टाकताना शाफ्ट सुटलाच, तर ते कडं ग्लँडला अडकतं आणि शाफ्ट समुद्रात जात नाही.

पाण्यातच दुरुस्ती करण्याची सर्वांत मोठी गोष्ट मुंबईत बांधलेल्या एका नौकेची आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी नौका कुलाब्यात १९६४मध्ये पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिला घेऊन फॉलमथहून निघाले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते परत आले ते एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी म्हणून. पण जातानाच अटलांटिकमध्ये, केप व्हर्दच्या दक्षिणेला, बोटीत रोज जास्त पाणी येऊ लागलं. त्यांनी डुबकी मारून पाहिलं. कण्याला लागून असलेल्या फळीची सांध उघडत होती. पाण्याखाली श्वास रोखून नुसता कापूस ठासायचा प्रयत्न केला, तो टिकेना. मग त्यांनी कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून घेतला, पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी सांधेवर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसवला. मधे एक शार्क घुटमळायला लागला, त्याला गोळी घालून त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. गळती थांबली ती पुरेशी, पूर्ण नाही. बाकी सारं पंपाने सांभाळलं.

सांध आणि ग्लँड या दोन वेगळ्या जागा. तरी दोन्हींचा उपाय सारखाच आहे: धागा फटीत दाबून बसवायचा आणि तो निघणार नाही याची तजवीज करायची. अशी तात्पुरती दुरुस्ती करून किनाऱ्याला लागलात, की बोट ताबडतोब वर काढा. रबराची गुंडाळलेली पट्टी चार दिवस कोरडी राहिली म्हणून पुढच्या मुक्कामाला निघू नका. नळी बदला, क्लिपा बदला, शाफ्टवर नख फिरवा, मागचं बेअरिंग हाताने हलवून किती सैल झालंय ते पाहा. आणि नवी दोरी भरल्यावर तिचं माप, कड्यांची संख्या आणि तारीख इंजिनाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी नट उघडण्यापूर्वीच दुकानातून योग्य दोरी आणलेली असेल.